भाषेचा तास आणि पीटीचा तास

२०१५ साली कर्नाटक सरकारनं कन्नड भाषा शिकण्याचा कायदा केला, त्यात ठरलं की राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून कन्नड शिकवायचंच, पहिली भाषा म्हणून नाहीतर दुसरी भाषा म्हणून, आणि हे २०१५-१६ च्या पहिलीपासून सुरू करून दरवर्षी एकेक इयत्ता पुढं न्यायचं. मी त्याच वर्षी पहिलीत बसले, मराठी शाळेत, बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. म्हणजे त्या कायद्याची पहिली बॅच ती आमची, आम्ही २०२५ ला दहावी दिली आणि आता पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, आहोत. आमच्याबद्दल गेली दहा वर्षं पेपरात बरंच काय काय छापून आलं, मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, खरं आम्हाला कुणी विचारलं नाही की बाई तुम्हाला कन्नड आलं का, आणि आलं तर कुठं आलं.

मला कन्नड येतं. बोलता येतं, भांडता येतं, तहसीलदार ऑफिसला आजीच्या पेन्शनचं काय झालं म्हणून विचारून येता येतं. ते मला वर्गात आलेलं नाही, खो-खोच्या मैदानावर आलंय, आणि माझ्यासारख्या बऱ्याच पोरी आहेत आणि पोरं तर त्याहून जास्त आहेत, कबड्डीवाली, क्रिकेटवाली, तालमीतली. म्हणून माझं म्हणणं असं आहे की सरकारला सीमाभागातल्या मराठी मुलांना खरंच कन्नड यावं असं वाटत असेल तर कन्नडच्या पेपरावर जेवढा जोर लावलाय त्यातला थोडा पीटीच्या तासावर लावावा, आणि खेळावर जो पैसा वरच्या वर खर्च होतो त्यातला बराचसा खाली शाळेच्या मैदानापर्यंत आणावा. लोक म्हणतात भाषेचा प्रश्न वेगळा आणि खेळाच्या बजेटचा वेगळा, तसं ते ऑफिसात वेगळं असेल, दोन खाती आहेत, दोन मंत्री आहेत, शाळेत मात्र पोरगी एकच असते आणि तिचा दिवस एकच असतो.

आता आधी भाषेचं बघू. आमच्या दहावीला टोटल ६२५ मार्क होते, पहिली भाषा १२५, दुसरी १००, तिसरी १००, आणि गणित, विज्ञान, समाज विज्ञान प्रत्येकी १००. बेरीज करून बघा, ६२५ पैकी ३२५ मार्क भाषांचे, निम्म्याच्या वर. खेळाला टोटलमध्ये एक मार्क नाही. एवढं वजन ज्या विषयाला दिलंय तो विषय शिकवायची पद्धत कशी असेल असं तुम्हाला वाटतंय? तर कन्नडच्या तासाला टीचर फळ्यावर प्रश्न लिहिणार, खाली उत्तर लिहिणार, आम्ही ते वहीत उतरवून घेणार. अक्षर आमचं फार सुंदर, गोल गोल, कन्नड शाळेतल्या पोरांपेक्षा चांगलं असं इन्स्पेक्टर पण म्हणून गेलेले. परीक्षेला कुठला प्रश्न येणार त्यावर खूण केलेली असते आणि त्याचं उत्तर पाठ. रजेचा अर्ज तर नक्की येणार, म्हणून तो अख्खा वर्ग पाठ करतो, वर डाव्या बाजूला 'इंद', खाली 'इवरिगे', मग मुख्योपाध्यायरु, मग विषय, मग मान्यरे, आणि पुढं ताप आल्यामुळे दोन दिवस यायला जमणार नाही वगैरे. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं परीक्षेत तो अर्ज एक शब्द न चुकता लिहिला, पूर्ण मार्क, आणि महिनाभरानं तिला खरंच ताप आला तेव्हा सरकारी दवाखान्यात सिस्टरनं कन्नडमध्ये विचारलं कधीपासून येतोय, तर ती गप्प. तिला ज्वर हा शब्द अर्जात कुठल्या ओळीत येतो ते माहीत होतं खरं कुणी तोंडानं विचारलं तर काय बोलायचं ते दहा वर्षांत एकदाही करून बघितलेलं नव्हतं. तोंडी परीक्षा नाही, वर्गात एकमेकींशी कन्नड बोलायचा तास नाही, ऐकायला काही नाही.

ह्यात टीचरना दोष देऊन काही होणार नाही. ज्या घरी कन्नड बोललं जातं तिथल्या मुलांना कन्नड शिकवायचं आणि ज्यांच्या घरी एक शब्द कन्नड नाही त्यांना शिकवायचं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाचं ट्रेनिंग बऱ्याच जणांना मिळालेलंच नाही. त्यात गेस्ट टीचर असले की जूनमध्ये पोस्ट रिकामी, कधी जुलैत कुणी येणार, मार्चला घरी जाणार, पुढच्या वर्षी दुसरे. खानापूरच्या जंगलातल्या बाजूला, जांबोटी कणकुंबीकडं, चारसहा पोरांच्या मराठी शाळा आहेत, तिथं एकच शिक्षक सगळे वर्ग एकत्र बसवून सगळे विषय घेतात, त्यांनी कन्नड कधी आणि कसं शिकवायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, वाईट वाटतं, की राज्याला हे काम कसं करायचं ते माहीत आहे. व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालय आमच्या बेळगावातच आहे, तिथं बाहेरून इंजिनिअरिंगला आलेल्या, कन्नड न येणाऱ्या मुलांसाठी 'बळके कन्नड' म्हणून पेपर ठेवलाय, त्यात रोजच्या बोलण्यातलं कन्नड शिकवतात, रिक्षावाल्याशी काय बोलायचं, दुकानात काय विचारायचं. अठरा वर्षांच्या पोराला बोलण्यापासून सुरुवात आणि सहा वर्षांच्या लेकराला लिहिण्यापासून, हे कुठलं शास्त्र आहे मला कळत नाही. कर्नाटकातच 'नली-कली' ही पद्धत निघाली, १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटेकडं, गाणी, कार्डं, खेळ, जमिनीवर गोल बसून शिकायचं, पहिली ते तिसरीच्या सरकारी शाळांत ती पुढं राज्यभर नेली. ती मराठी शाळेतल्या कन्नडच्या तासाला पूर्णपणे लावली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती कदाचित.

आता मैदान. एका मे महिन्यात मी बेळगावला खो-खोच्या उन्हाळी शिबिराला गेले होते, तिथं जिल्ह्यातल्या बऱ्याच तालुक्यांतून पोरी आलेल्या, बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी, रामदुर्ग, आणि आम्ही बेळगाव खानापूरच्या मराठीवाल्या. कोच बैलहोंगलकडचे, त्यांना मराठी अजिबात नाही. पहिल्या दिवशी आम्ही मराठीवाल्या एका बाजूला आणि त्या दुसऱ्या बाजूला बसलो, जेवताना पण तसंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीम पाडल्या, मुद्दाम मिसळून. आता खो-खोत काय असतं, पळणारी पुढं पळत असते आणि जिला खो मिळालाय तिला एका सेकंदात कळायला पाहिजे कुठल्या बाजूला उठायचं, मागून कोच ओरडतायत 'आ कडे, आ कडे', म्हणजे त्या बाजूला, बाजूची ओरडतेय 'हिडी, हिडी', म्हणजे धर, तिथं थांबून अर्थ विचारायला वेळच नाही, शरीरच ते शिकून घेतं. चुकलं की सगळ्या ओरडतात, बरोबर आलं की पाठीवर थाप पडते. आठवड्याभरात मला आकडे, दिशा, थांब, पळ, सोड, धर, आत, बाहेर, तुझी पाळी, माझी पाळी, फाऊल झालेला नाही, पाय लाईनवर होता, हे सगळं कन्नडमध्ये यायला लागलं आणि ह्यातलं शेवटचं, पाय लाईनवर होता की नव्हता, ह्यावर रेफ्रीशी वाद घालायला जेवढं व्याकरण लागतं तेवढं मी शाळेत दहावीपर्यंत वापरलेलं नव्हतं. रात्री झोपताना सौंदत्तीची एक पोरगी मला त्यांच्या यल्लम्माच्या डोंगरावरच्या जत्रेच्या गोष्टी सांगायची, मी तिला आमच्याकडच्या सांगायची, अर्ध्या इकडच्या भाषेत अर्ध्या तिकडच्या. ती घरी जाताना मला म्हणाली 'मग काय करूलालीस आता', हे आमचं बेळगावी मराठी ती माझ्याकडून शिकून गेली. तिला कुणी मराठी सक्ती केली नव्हती.

लोक म्हणतील मैदानावरची भाषा म्हणजे दहावीस शब्द, त्यानं काय होतंय, पुस्तक वाचता आलं पाहिजे, सरकारी नोकरीचा पेपर देता आला पाहिजे. बरोबर आहे. कर्नाटकात सरकारी नोकरी पाहिजे तर कन्नड लागतं, तालुका ऑफिसात लागतं, कोर्टात लागतं, आणि आमच्या भागातली मराठी पोरं ह्या एका कारणानं मागं राहतात हे मला मान्य आहे, म्हणून तर मी कन्नड नको म्हणणाऱ्यांतली नाही. खरं वाचन लेखन कशावर उभं राहतं? आधी तोंडात भाषा पाहिजे. मराठीत आपण सहा वर्षं बोलून मग अ आ ई काढायला शिकतो. शिबिरावरून आल्यानंतर मला कन्नडचं पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा असं झालं की वाक्य वाचताना कानात ऐकू यायला लागलं, कुणीतरी बोलतंय असं. त्या वर्षी मार्क किती वाढले ते सोडा, मी धडा स्वतःहून वाचला ही मोठी गोष्ट होती.

मग अशी शिबिरं, असे खेळ, असा पीटीचा तास सगळ्यांना का मिळत नाही? इथं पैशाचा प्रश्न येतो.

बऱ्याच जणांचं मत असतं की सरकारनं खेळावर पैसा खर्च करूच नये, शाळेचं छप्पर गळतंय आणि तुम्ही स्टेडियम कशाला बांधताय. माझे मामा पण हेच म्हणतात आणि त्यांचा राग खोटा नाही. खरं आकडे बघितले तर चित्र वेगळं दिसतं. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये क्रीडा आणि युवक खात्याला मिळून साधारण ३,७९४ कोटी होते, शिक्षण खात्याला १ लाख २८ हजार कोटींच्या वर, आणि सगळं बजेट ५० लाख कोटींच्या पुढं. ३,७९४ कोटी १४० कोटी लोकांत वाटले तर माणशी वर्षाला २७ रुपये पडतात. राज्यं वेगळा खर्च करतात, कारण घटनेनं खेळ हा राज्यांचा विषय ठेवलाय, तरी पण खेळामुळं शाळांचं छप्पर गळतंय असं म्हणायला ह्या आकड्यात जागा नाही. मला जास्त त्रास होतो तो ह्या थोड्या पैशाच्या वाटेचा. त्यातले १,००० कोटी खेलो इंडियाला, ८३० कोटी साईला, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाला, ४०० कोटी राष्ट्रीय फेडरेशन्सना. पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीवर तीन वर्षांत ४७० कोटींच्या आसपास गेले, ११७ खेळाडू गेले आणि सहा मेडल आली. मेडल नको असं मी कधीच म्हणणार नाही, स्वप्नील कुसाळेंनी राधानगरीकडच्या कांबळवाडीतून जाऊन ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या गावात पण फटाके वाजले, कोल्हापूर आम्हाला परकं नाही. खरं त्याच वेळी शाळेच्या वाट्याला काय येतं ते बघा. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी शाळेला वर्षाला जास्तीत जास्त अनुदान असतं, प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,०००, हायस्कूलला २५,००० रुपये. पाच हजारात एक बरा व्हॉलीबॉल, एक नेट, चार रिंगा आणि दोऱ्या आणल्या की संपलं. आमच्या शाळेत पीटीचं कपाट होतं, त्याला कुलूप, आत हवा गेलेले दोन बॉल, गंजलेला गोळा, लेझीमची एक पेटी जिच्यातल्या निम्म्या लेझमांच्या चकत्या गळून पडलेल्या, आणि १५ ऑगस्टला लावायच्या पताका. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात. कारण पीटी सरच नव्हते, आमच्या शाळेला पीटी सर होते ते रिटायर झाले त्यानंतर ती जागा भरलीच नाही, आणि टाईमटेबलवर पीटीचा जो तास होता त्यात गणिताचा राहिलेला पोर्शन घ्यायचे, दहावीला तर तो तास उघड उघड कन्नडला दिला. म्हणजे जिथं मला कन्नड आलं असतं तो तास काढून जिथं येत नव्हतं तिथं घातला!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान असलं पाहिजे असं लिहिलंय, सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला पार्ट टाईम शिक्षक पाहिजे असंही लिहिलंय. आता सीमाभागातल्या मराठी शाळेत सहावी ते आठवीत शंभर मुलं कुठून आणायची? पट कमी म्हणून पीटी शिक्षक नाही, पीटी शिक्षक नाही म्हणून शाळेत काही चैतन्य नाही, चैतन्य नाही म्हणून पालक इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवून पाठवतात, की पट आणखी कमी.

बेळगावला खेळाची परंपरा नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीचं गोल्ड जिंकलेल्या टीममध्ये बेळगावचे बंडू पाटील होते. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव, शेतकऱ्याच्या घरातल्या, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कुराश ह्या कुस्तीसारख्या खेळाचं ब्राँझ घेऊन आल्या. मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथं निवड व्हावी म्हणून सीमेच्या अलीकडची पलीकडची पोरं आखाड्यात घाम गाळतात. येळ्ळूरचं कुस्तीचं मैदान बघायला या एकदा, लोक गाव वर्गणी काढून जोड्या लावतात, आणि कुस्ती चालू असताना हलगीवाला सोडून कुणाची भाषा कुणाला ऐकू येत नाही. तरी ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखीच दिसते की सरकार बऱ्याचदा शेवटी येतं, हार घेऊन. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून दिलेल्या पैशावर, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल घेऊन आले. सत्तर वर्षांच्या वर झाली त्याला, अजून क्लस्टर लेव्हलच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मॅचला जायचं तर टेम्पोचं भाडं सर खिशातून घालतात नाहीतर पालकांकडून गोळा करतात. मुलींचं एक बरं झालं, जून २०२३ ला शक्ती योजना आली आणि बस फुकट झाली, तेव्हापासून आमची टीम होबळी (तालुक्याच्या खालचा गावांचा गट) काय, तालुक्याला पण बिनखर्चात जायला लागली, आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. ती योजना खेळासाठी काढलेली नव्हती, तरी आमच्या खो-खोला जेवढा तिचा उपयोग झाला तेवढा कुठल्या क्रीडा योजनेचा झाल्याचं मला आठवत नाही. तसंच अंड्याचं, २०२४ पासून शाळेत आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायला लागलं, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातली पोरं सकाळी पळायला लागलीत, पोटात काहीतरी आहे म्हणून. खाली पैसा पोचला की काय होतं ते ह्यावरून दिसतं. आता २०३० च्या कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला होणार, २०३६ च्या ऑलिंपिकची मागणी चालू आहे, त्यावर काही हजार कोटी नक्की जातील. जाऊ देत. खरं त्या वेळी धावणारी पोरगी आज सात आठ वर्षांची आहे आणि अशाच कुठल्यातरी कपाटाला कुलूप असलेल्या शाळेत बसलीय, एवढं तरी दिल्लीत कुणीतरी लक्षात घ्यावं.

सीमाप्रश्नाचं राजकारण ह्यात आणू नको असं मला घरातून सांगितलंय, खरं ते आणल्याशिवाय भाषेचं बोलताच येत नाही आमच्याकडं. १९८६ ला कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली, हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे आणि दर १ जूनला तिथं लोक जमतात, माझे आजोबा चालत जायचे. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच मला वाटतं की त्यांचं दुःख ज्यातून आलं ती सक्ती आज काय देतेय हे विचारायचा हक्क आम्हाला आहे. दहा वर्षं सक्ती करून जर पोरीला दवाखान्यात ताप आलाय एवढं सांगता येत नसेल तर ह्या सक्तीनं कन्नडचं तरी काय भलं केलं? कन्नड संघटनांनी ह्यावर चिडायला पाहिजे खरं म्हणजे, दुकानांच्या पाट्या ६० टक्के कन्नडमध्ये आहेत का ते मोजण्याआधी.

आणि महाराष्ट्रानं आम्हाला फार शिकवू नये. २०२० ला त्यांनी पण कायदा करून सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, म्हणजे जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांतल्या पोरांच्या डोक्यावर तेच ओझं जे आमच्या. तिथली एखादी पोरगी मराठीत रजेचा अर्ज पाठ करत बसली असणार, 'महोदय' पासून 'आपली आज्ञाधारक' पर्यंत, आणि सोलापूरच्या एसटी स्टँडवर गप्प उभी राहत असणार. पुढं २०२५ ला तिकडं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचं ठरलं तेव्हा केवढा दंगा झाला, लहान पोरांना तीन भाषा झेपत नाहीत म्हणून बरेच पक्ष बोलायला लागले आणि जूनच्या शेवटी सरकारला तो जीआर मागं घ्यावा लागला. झालं ते चांगलंच झालं. आम्ही इथं टीव्हीवर ते बघत होतो आणि विचार करत होतो की आमच्या तीन भाषांबद्दल मुंबईत कधी कुणी असं बोललेलं नाही, आमच्याबद्दल बोलायचं झालं की नकाशाबद्दल बोलतात. त्याच ऑगस्टमध्ये कर्नाटकात सुखदेव थोरात आयोगानं दोन भाषांचं धोरण ठेवा, पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेतून शिकवा असा अहवाल दिला. तीन असाव्यात की दोन ह्यावर चर्चा करा, करायलाच पाहिजे, फक्त त्या दोन किंवा तीन भाषा पोराच्या तोंडात कशा येणार ते पण त्याच टेबलावर ठेवा.

आमच्यातल्याच काही मोठ्या माणसांना भीती वाटते की पोरं कन्नड पोरांबरोबर खेळायला लागली, घडाघडा कन्नड बोलायला लागली की मराठी जाणार. मला ही भीती पटत नाही. आमच्या गावात मराठी शाळेचा पट कमी झाला तो कन्नडमुळं झाला नाही, इंग्लिश मीडियममुळं झाला, आणि तिथं पोरांना घालणाऱ्यांत १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा, काळा दिन पाळणारे पण आहेत. मराठी वाचवायची असेल तर मराठीचा तास पण बघा की, तो तरी कुठं बरा आहे, तिथंही प्रश्नोत्तरंच. शाळेत लायब्ररी म्हणून जे कपाट होतं ते पीटीच्या कपाटाला लागूनच होतं आणि त्याची किल्ली पण त्याच टेबलात. घटनेच्या ३५० अ कलमात लिहिलंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करावी, आणि सोय म्हणजे नुसती बोर्डावर मराठी शाळा असं लिहिणं होत नाही, त्यात पुस्तकं आली, शिक्षक आले, मैदान पण आलं.

आमच्या भागात बऱ्याच गावांत सरकारी कन्नड शाळा आणि मराठी शाळा एकाच कंपाऊंडमध्ये असतात, मैदान एकच, जेवणाची खोली कधीकधी एकच, खरं प्रार्थना वेगळी, तास वेगळे आणि मॅच असली की एकमेकांविरुद्ध. दोन्ही शाळांना मिळून एक फुल टाईम पीटी शिक्षक द्या, ज्याला दोन्ही भाषा येतात असा, बेळगाव चिक्कोडीत अशी माणसं ढिगानं आहेत, बीपीएड करून रिकामी बसलेली. रोज शेवटचा तास दोन्ही शाळांचा एकत्र, टीम मिसळून पाडायच्या, कधी सूचना कन्नडमध्ये कधी मराठीत. कन्नड शाळेतल्या पोरांना मराठी फुकटात येईल, आपल्या पोरांना कन्नड. तिसरीपर्यंत कन्नडची लेखी परीक्षा नको, नुसतं बोलणं ऐकणं, आणि दहावीच्या १०० मार्कांत निदान वीस पंचवीस मार्क तोंडी परीक्षेला ठेवा, म्हणजे शिकवणाऱ्यांना पण बोलायला लावावंच लागेल. क्लस्टर आणि होबळीच्या स्पर्धांना जायचं यायचं भाडं आणि जेवण सरकारनं द्यावं, मुलांचं पण. उन्हाळी शिबिर जिल्ह्याला एक ठेवण्यापेक्षा तालुक्याला एकेक ठेवा आणि त्यात दोन्ही भाषांची पोरं मुद्दाम घ्या. ह्याला स्टेडियमएवढा पैसा लागत नाही. पीटी शिक्षकांच्या पगाराला लागतो, तो जास्त आहे हे मला कळतं, त्यासाठी राज्यानं कन्नडच्या प्रचारावर, पाट्यांवर, उत्सवांवर जो खर्च होतो त्यातून काढावा, कारण कन्नड बोलणारी पोरं तयार करणं हाच तर त्या खर्चाचा हेतू असायला पाहिजे.

हे सगळं बेंगळुरूला ठरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र गावातच होण्यासारखी आहे. प्रत्येक सरकारी शाळेला एसडीएमसी, म्हणजे शाळेवर लक्ष ठेवणारी समिती, असते, त्यात पालकच असतात, आपलेच काका मावश्या. पुढच्या मिटिंगला जाल तेव्हा खेळाचं अनुदान ह्या वर्षी किती आलं आणि त्यातनं काय आणलं ते विचारा, बिल बघायला मागा, नोटीस नुसती कन्नडमध्ये असेल तर वाचून दाखवा म्हणून सांगा, आणि पीटीचा तास टाईमटेबलवर आहे तो कुठल्या विषयाला दिलाय ते पोरांना विचारून जा, कारण ऑफिसात ते सांगणार नाहीत. आणि त्या कपाटाची किल्ली सहावी सातवीतल्या एखाद्या पोरीकडं द्यायला लावा.